सोलापूरबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न, एका सोलापूरकराची उत्तरं

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर करणारी माणसं सोलापूर स्टेशनवर उतरतात, बाहेर चहा घेतात आणि लगेच पुढची गाडी पकडतात. गाव बघायचं राहूनच जातं. नातेवाईक, मित्र, ओळखीपाळखीचे लोक जे प्रश्न कायम विचारतात ते इथं एकत्र लिहिलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण तो विषयच तसा आहे.

सोलापुरात बघायला आहे काय? एक दिवस पुरतो का?

सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, चार हुतात्म्यांचे पुतळे, इंद्रभुवन आणि संध्याकाळी खाण्यापिण्याची पार्क चौपाटी, एवढं एका दिवसात आरामात होतं, कारण हे सगळं एकमेकांपासून फार लांब नाहीये. पण त्यात गाव कळत नाही. पूर्व भागात जाऊन माग चालताना बघायचा असेल, चाटी गल्लीत खरेदी करायची असेल, कोटणीस स्मारक बघायचं असेल आणि जेवायला निवांत वेळ हवा असेल तर दोन दिवस ठेवा. सोलापूर हे राजवाड्यांचं किंवा थंड हवेचं गाव नाही, इथं जे मोठं आहे ते कष्टकऱ्यांनी उभं केलेलं आहे, त्यामुळे नुसता फोटो काढून निघालात तर हाताला काही लागत नाही, थांबून माणसांशी बोलावं लागतं.

सिद्धेश्वर मंदिर तळ्याच्या मध्ये का आहे? सिद्धरामेश्वर कोण होते?

सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. सोलापूरचेच. त्यांच्या कन्नड वचनांत गावाचं नाव सोन्नलिगे असं येतं. दुष्काळी मुलुख, पाणी नाही, म्हणून त्यांनी लोकांना सोबत घेऊन तळं खोदलं आणि त्या तळ्यातच मंदिर उभं राहिलं. गावाभोवती ६८ लिंगांची स्थापना त्यांनी केली असं मानतात, यात्रेत आजही त्या ६८ लिंगांना फेरी असते. संत अल्लमप्रभू सोलापूरला आले, त्यांच्यासोबत सिद्धराम कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला गेले आणि पुढे शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या वाटेवरच्या संतांच्या, शून्यपीठाचे अध्यक्ष झाले, म्हणजे आमच्या ग्रामदैवताचं नाव कर्नाटकातही तेवढ्याच आदराने घेतात. त्यांची योगसमाधी मंदिराच्या आवारातच आहे.

मला यातलं तळ्याचं काम सगळ्यात मोठं वाटतं. देवळं बांधणारे खूप झाले, पण आधी पाण्याची सोय बघणारा साधू विरळा. सकाळी लवकर जा, तळ्यावर पक्षी असतात, किल्ल्याची भिंत पाण्यात दिसते, गर्दी नसते. दर्शनाला कसली घाई नाही, पायऱ्यांवर बसा.

गड्डा म्हणजे नेमकं काय? कधी यायचं?

गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, जानेवारीत संक्रांतीला. बाहेरच्यांना गड्डा म्हटलं की होम मैदानावरचे पाळणे, मौत का कुआँ, भेळ आणि खेळण्यांची दुकानं एवढंच डोळ्यासमोर येतं, आणि ते आहेच, महिनाभर चालतं. पण यात्रा त्याच्या कितीतरी आधीची आणि वेगळी आहे.

त्यामागची कथा अशी. एक कुंभार कन्या रोज सिद्धरामेश्वरांचं अंगण सारवायची, रांगोळी काढायची. तिच्या मनात त्यांच्याशीच लग्न करायचं होतं. ते तर योगी, संसार करणार नव्हते, मग त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लाव म्हणून सांगितलं. ते लग्न म्हणजे आपली यात्रा. योगदंडाच्या जागी नंदीध्वज, म्हणजे आमच्या भाषेत काठ्या. सात काठ्या असतात.

पहिल्या दिवशी तैलाभिषेक, म्हणजे यण्णीमज्जन, काठ्या ६८ लिंगांना फिरून येतात. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे ते लग्न. संक्रांतीला होम, त्यात बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून, नटवून कुंभार कन्येचं रूप देतात आणि होमात अर्पण करतात. त्या रात्री काठ्यांना नागफणी, म्हणजे नागाच्या फण्याची सजावट, बांधलेली असते. नंतर भाकणूक, दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणून त्याच्यापुढे धान्य, गूळ वगैरे ठेवतात आणि ते काय खातं, कसं वागतं यावरून वर्षाचा अंदाज सांगतात, सगळा जिल्हा दुसऱ्या दिवशी पेपरात तेच आधी वाचतो. किंक्रांतीला शोभेचं दारूकाम. शेवटी कप्पडकळी, म्हणजे काठ्यांची वस्त्रं उतरवतात.

एकच दिवस जमणार असेल तर अक्षतेचा दिवस धरा. यात्रेचे मानकरी हिरेहब्बू, त्यांच्या वाड्यातून काठ्या निघतात, बाळीवेस वगैरे करत तळ्याकडे येतात. रस्त्याच्या कडेला सकाळपासून बायका रांगोळ्या घालत बसलेल्या असतात. पांढरी बाराबंदी घातलेली माणसंच माणसं, लहान पोरंसुद्धा बाराबंदीत. आणि मग तीसेक फुटांची काठी एकटा माणूस कमरेच्या पट्ट्यात घेऊन चालतो. वर टोकाला काठी हलायला लागली की खालच्याचे पाय बघा, तो थांबत नाही, अर्धं पाऊल मागे, अर्धं पुढे असं करून तोल सावरतो, बाजूचे चौघंपाचजण हात वर करून तयार असतात पण गरज पडल्याशिवाय हात लावत नाहीत. याचा सराव आठवडेच्या आठवडे चाललेला असतो. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" चा आवाज आला की समजायचं काठ्या जवळ आल्या.

काठ्यांचा मान फक्त लिंगायत समाजाला असतो का?

नाही नाही. पहिली काठी देवस्थानची, हिरेहब्बूंकडे मान. दुसरी देशमुखांची. त्यानंतर माळी समाज, विश्वब्राह्मण समाज, आणि शेवटच्या दोन मातंग समाजाच्या. एकाच मिरवणुकीत, एकाच रस्त्याने, एकाच कट्ट्यावर. कुंभारांशिवाय तर लग्नच लागत नाही. सगळ्या जातीची पोरं काठी धरायला शिकतात. बाहेरून आलेल्याला ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मी आवर्जून सांगतो.

किल्ला बघण्यासारखा आहे का?

आहे, फक्त डोंगरी किल्ल्याची अपेक्षा ठेवून येऊ नका. भुईकोट आहे, बहमनी काळातला, दुहेरी तट, भक्कम बुरूज, एका बाजूने सिद्धेश्वर तळं. आत बाग आहे, जुन्या मंदिराचे कोरीव खांब आहेत, तोफा आहेत.

या किल्ल्यापायी निजामशाही आणि आदिलशाहीचं पिढ्यान् पिढ्या वाजलं. लग्नात सोलापूर आंदण द्यायचं ठरायचं आणि मग द्यायचं-घ्यायचं यावरून लढाया. चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हाही हुंड्यात सोलापूरच होतं. शेवटी १८१८ मध्ये पेशवाईसोबत किल्ला इंग्रजांकडे गेला. संध्याकाळी फिरायला येणारी मंडळी खूप असतात, ऊन उतरल्यावरच जा, मे महिन्यात दुपारी गेलात तर दगड भाजून काढतो.

चार हुतात्मे कोण? हुतात्मा एक्सप्रेसचं नाव त्यांच्यावरूनच का?

हो, त्यांच्यावरूनच. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना एकाच दिवशी फाशी दिलं. नावं नीट वाचा, एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. ठरवून जुळवलेली यादी नाही ती, गाव होतंच तसं. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करायचे आणि 'गझनफर' नावाचं साप्ताहिक चालवायचे, विशीतलं वय.

गोष्ट सुरू होते मे १९३० मध्ये. मिठाचा सत्याग्रह चालू, गांधीजींना अटक झाली, सोलापुरात गिरण्या बंद, हरताळ. ८ मे ला लोक सत्याग्रह म्हणून शिंदीची झाडं तोडायला निघाले, त्यावरून धरपकड झाली, जमाव वाढत गेला आणि कलेक्टरच्या हुकमावरून गोळीबार झाला. शंकर शिवदारे नावाचा तरुण झेंडा घेऊन पुढे होता, तो तिथंच गेला. मग लोक भडकले, मंगळवार पेठ पोलीस चौकीवर हल्ला झाला, दोन पोलीस मारले गेले, कोर्ट जळालं. या चौघांवर खटला भरला तो त्या दोन पोलिसांच्या खुनाचा. या चौघांना गोवलं असं सोलापूर तेव्हापासून म्हणत आलंय.

सोलापूर चार दिवस स्वतंत्र होतं म्हणतात ते खरं का?

८ मे च्या गोळीबारानंतर पोलीस आणि अधिकारी गावातून मागे हटले, १२ मे ला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लागला. मधल्या दिवसांत गावात इंग्रज सरकारचा माणूस रस्त्यावर दिसत नव्हता आणि काँग्रेसचे स्वयंसेवक वाहतूक सांभाळत होते, गस्त घालत होते. लूटमार, अनागोंदी होईल असं सरकारला वाटत होतं, तसं झालं नाही. गावाने स्वतःला सांभाळलं. मला विचाराल तर आमच्या इतिहासातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट ही आहे, फाशीइतकीच.

मार्शल लॉ ३० जूनपर्यंत होता. गांधी टोपी घालायची नाही, झेंडा लावायचा नाही, नाहीतर लष्करी कोर्टापुढे उभं करून शिक्षा. रामकृष्ण जाजू, तुळशीदास जाधव अशा पुढाऱ्यांना तुरुंगात घातलं. म्हणून सोलापूरला हुतात्मा नगरी म्हणतात. पुतळे चौकातच आहेत, बाजूला हुतात्मा बाग, आणि नाटकांसाठी हुतात्मा स्मृती मंदिर. १२ जानेवारीला येणार असाल तर पुतळ्यांजवळ जा, गड्ड्याची लगबग आणि हुतात्मा दिन एकाच आठवड्यात येतात.

सोलापुरी चादर खरी कशी ओळखायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आधी हातात घ्या. खरी चादर सुती असते, जाड, वजनाला भरते, आणि दोन्ही बाजूंनी वापरता येते, म्हणजे जी नक्षी एका बाजूला लालावर पांढरी दिसते तीच उलट्या बाजूला पांढऱ्यावर लाल दिसते. जेकॉर्ड मागावर दोन थर एकत्र विणले जातात म्हणून हे होतं. नक्षी छापलेली असेल, किंवा मागच्या बाजूला फिकट पडली असेल, किंवा गुळगुळीत चकाकत असेल तर ठेवून द्या. काठ बघा, गाठ नीट बसलीय का बघा. धुतल्यावर खरी चादर अजून मऊ होते, घरोघरी वीस-वीस वर्षं जुन्या चादरी वापरात आहेत.

पूर्व भागात एखाद्या कारखान्यात विचारून आत गेलात तर माग बघायला मिळतो. वर पुठ्ठ्याच्या भोक पाडलेल्या पट्ट्या साखळीसारख्या फिरत असतात, जिथे भोक तिथे धागा उचलला जातो, खाली मोर नाहीतर फुलं इंचाइंचाने पुढे सरकतात. आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. कामगार आवाजावरूनच धागा तुटला ते ओळखतो, बघायच्या आधी माग बंद करतो.

चाटला, पुलगम ही नावं तुम्ही ऐकली असतील, त्यांच्या आणि इतर उत्पादकांच्या स्वतःच्या दुकानांतून घ्या. सोलापुरी चादर आणि टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रात सुरुवातीला ज्यांना ते मिळालं त्यातलंच हे. तरी बाहेरगावचा स्वस्त माल सोलापुरी म्हणून सर्रास विकला जातो, आणि पॉलिएस्टरची ब्लँकेटं आल्यापासून चादरीचं गिऱ्हाईक कमी झालंय. बरेच कारखानदार टॉवेलकडे वळले, काहीजण युनिफॉर्मच्या गारमेंटकडे. म्हणून शंभर रुपये वाचवायला नकली घेऊ नका, एवढी विनंती आहे.

सोलापुरात इतके तेलुगू बोलणारे लोक कुठून आले?

निजामाच्या राज्यातून, आजच्या तेलंगणातून. पद्मशाली समाज, पिढीजात विणकर. तिकडे दुष्काळ, इकडे गिरण्या आणि मागाचं काम, त्यामुळे कुटुंबंच्या कुटुंबं आली आणि इथलीच झाली. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, दत्त नगर हा सगळा पूर्व भाग. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तो एकदा बघाच, घरोघरी जानवी बदलतात, रथापुढे पोरं नाचत असतात. नवरात्रात बायका बतुकम्मा खेळतात.

भाषा म्हणाल तर मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी उर्दू, चारही रस्त्यावर ऐकू येतात. भाजीवालीशी एका भाषेत, रिक्षावाल्याशी दुसऱ्या, घरी तिसऱ्या भाषेत बोलणारी माणसं आमच्याकडे साधी गोष्ट आहे, त्याचं कोणाला विशेष वाटत नाही. आमच्या मराठीत त्यामुळे चारही भाषांचे शब्द आणि चाल मिसळलीय. आणि कोणी "काय बे" म्हणालं तर चिडू नका, ती जवळीक आहे, परक्याला कोणी बे म्हणत नाही.

गिरण्यांचं काय झालं?

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आमची जुनी मिल, १८७७ ची, मुरारजी गोकुळदासांनी काढलेली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. एकेकाळी गाव भोंग्यावर चालायचं, घड्याळ कोणाकडे नव्हतं, भोंगा झाला की डबा भरायचा, दुसरा झाला की पाळीला पोचायचं. एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. जुनी मिल कंपाउंड हे आता नुसतं पत्त्यातलं नाव राहिलंय.

ज्यांची घरं गिरणीवर चालायची त्यांची देणी वर्षानुवर्षं अडकली, पोरं पुण्याला गेली. आजही सोलापूरहून पुण्याला जाणारी रविवार संध्याकाळची कुठलीही गाडी बघा, निम्मी आमची पोरं असतात. हे लिहायला बरं वाटत नाही पण सोलापूरचा इतिहास सांगायचा आणि हे गाळायचं हे बरोबर नाही.

गिरणीवाल्या आणि व्यापाऱ्यांच्या पैशातून उभी राहिलेली एक वास्तू मात्र बघा, इंद्रभुवन. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेला हा वाडा पुढे महापालिकेकडे आला, महापालिका १९६४ ची. दुरुस्ती करून पुन्हा छान केलाय. कमानी, पुतळे, नक्षी, बाहेरूनच अर्धा तास जातो.

विडी कामगारांबद्दल ऐकलंय, ते काय आहे?

पुरुष मागावर आणि बायका विडीवर, असं पूर्व भागातलं घर वर्षानुवर्षं चालत आलंय. बाई कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन येते, पानं भिजवते, कात्रीने मापात कापते, मांडीवर सूप घेऊन वळत बसते, दोऱ्याने बांधते. दिवसाकाठी हजार विड्या वळायच्या तर सकाळपासून रात्रीपर्यंत हात थांबत नाहीत, मधे स्वयंपाक, पोरांची शाळा. मजुरी हजारावर. खराब म्हणून छाटलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत.

याच बायकांनी लढून घरं मिळवली. कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत, आणि त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांचं नाव या लढ्यासोबत घेतलं जातं. पर्यटक तिकडे जात नाहीत, पण माझ्या मते सोलापूरचं एक मोठं स्मारक म्हणजे या वसाहती, कारण इथं पुतळा नाही, घरं आहेत.

सेटलमेंट हा काय भाग आहे?

इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा करून पारधी, कैकाडी, भामटा अशा कित्येक जमातींवर जन्मापासून गुन्हेगाराचा शिक्का मारला आणि तारेच्या कुंपणात ठेवलं. सोलापुरात त्याची मोठी वसाहत होती, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला, तो विमुक्त दिन. त्यानंतर वस्तीला सेटलमेंट फ्री कॉलनी म्हणायला लागले. स्वातंत्र्य १९४७ ला आलं ते सगळ्यांना आलं नव्हतं, हे सोलापूरकराला तरी माहीत असायला हवं.

डॉ. कोटणीस सोलापूरचेच ना?

हो. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, जपानशी युद्ध चालू होतं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. जखमी सैनिकांवर उपचार केले, चिनी भाषा शिकले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले, वय ३२. चीनमध्ये शिजियाझुआंगला त्यांचा पुतळा आहे. चिनी पाहुणे सोलापूरला येतात ते त्यांचं घर बघायला. भैय्या चौकात ते घर आहे, आता स्मारक केलंय, फोटो, पत्रं बघायला मिळतात. शाळेतली पोरं असतील तर नक्की न्या.

खायचं काय?

शेंगा चटणी. आधी हेच. शेंगदाणे खमंग भाजून, सालं काढून, लसूण, जिरं, मीठ आणि लाल तिखट घालून उखळात कुटतात, कुटत राहतात, तेल सुटून चटणीचा गोळा व्हायला लागतो तोवर. मिक्सरला फिरवली की कोरडा कूट होतो, त्याला सोलापुरी चटणी म्हणू नये. पाकिटावर काहीही लिहिलेलं असू दे, चिमूट घेऊन दाबून बघा, बोटाला तेल लागलं पाहिजे. सोबत कडक भाकरी, ज्वारी नाहीतर बाजरीची, कागदासारखी पातळ थापून, भाजून वाळवलेली, पंधरा दिवस टिकते. वर घट्ट दही आणि कांदा.

मग शेंगा भाजी, दाण्याच्या वाटणाची झणझणीत, ढाब्यावर मिळते. धपाटे दही. अंबाडीची पुंडी पल्ले. जिल्ह्यातली बाजार आमटी. संक्रांतीच्या दिवसांत शेंगा पोळी, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. मटण खाणाऱ्यांनी सुक्कं आणि रस्सा कडक भाकरी कुस्करून खावं. इडली-दोसा तर सकाळी गल्लोगल्ली, सीमेवरचं गाव असल्याने त्याची चवही अस्सल. संध्याकाळी पार्क चौपाटी.

हुरडा पार्टी कधी असते?

डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, दाण्यात आला, दूध भरलं की हुरडा. सुरती, गुळभेंडी या खास हुरड्याच्या जाती. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, कणसं निखाऱ्यात भाजतात, आणि गरम कणीस हातावर चोळून दाणे सुटे करून देतात, ते चोळणाऱ्याचे हात बघा, आम्हाला दोन कणसांत चटका बसतो. शेंगा चटणी, दही, गूळ, बोरं सोबत. भाकरीसाठी मात्र मालदांडी, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय आहे. आधी फोन करून जा, शेतावर गर्दी असते.

कोजागरीला रस्ते बंद का असतात?

तुळजापूरला चालत जाणाऱ्यांमुळे. सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटरच्या आसपास, अश्विनी पौर्णिमेला लाखो लोक अनवाणी, रात्रभर चालतात. म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं, लहान लेकरं खांद्यावर घेतलेल्या बाया. रस्ता वाहनांना बंद करून टाकतात. वाटेत जागोजागी चहा, केळी, खिचडी, पाय चेपून द्यायलासुद्धा माणसं बसलेली, पैसे कोणी घेत नाही. त्या दिवशी गाडीने जायचं ठरवू नका. चालायचं असेल तर दुपारनंतर निघा, मोजे सोबत ठेवा आणि पहिल्या वीस किलोमीटरमध्ये जोर करू नका.

आजूबाजूला काय बघावं?

देवस्थानं माहीतच आहेत. त्याव्यतिरिक्त हत्तरसंग कुडल बघा, भीमा आणि सीनेचा संगम. तिथं संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांपैकी. शेवटी म्हटलंय, हे जो वाचेल तो विजयी होईल. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी आयुष्य अशा शिलालेखांत घातलं, त्यांच्यामुळे हा लेख लोकांपर्यंत पोचला. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात साडेतीनशेहून जास्त मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. पाऊस झाल्यावर संगम सुंदर दिसतो. नळदुर्गचा किल्ला पन्नासेक किलोमीटर, पावसाळ्यात तिथल्या बंधाऱ्यावरून पाणी पडतं ते बघायला गर्दी होते.

नान्नजला माळढोक पक्षी दिसतो का?

दिसेल असं सांगून कोणाला फसवत नाही. १९७९ पासून अभयारण्य आहे, पण माळढोक आता अगदी दुर्मिळ. काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा. माळरान म्हणजे ओसाड जागा असं समजणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यानंतर जावं.

ऊन आणि पाण्याचं काय?

एप्रिल-मे टाळा, पारा चाळीसच्या वर असतो. पाणी उजनी धरणातून येतं, शंभर किलोमीटरवरून, आणि घरोघरी रोज येत नाही, काही दिवसांनी येतं. लॉजवर सोय असते, पण पाणी जपून वापरा. ज्याने तळं खोदलं त्याच्या गावात ही वेळ यावी याचं आम्हा सगळ्यांना वाईट वाटतं, आणि बोलायचं कोणी सोडत नाही.

यायचं कसं?

पुण्याहून २५० किलोमीटर, हायवे चांगला. रेल्वेने हुतात्मा एक्सप्रेस, मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री बसलं की सकाळी सोलापूर, आणि फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत. हैदराबाद, विजापूर, कलबुर्गीहून गाड्या भरपूर. विमानाचा प्रश्न विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवर अडला होता, जून २०२३ मध्ये चिमणी पाडली, ज्यांची रोजीरोटी त्यावर होती त्यांना ते लागलं. २०२५ पासून होटगी रोडच्या विमानतळावरून विमानं सुरू झालीत, वेळा बघून तिकीट काढा. गड्ड्याच्या आठवड्यात यायचं असेल तर लॉज महिनाभर आधी बुक करा.

जाताना काय घेऊन जायचं?

एक चादर, दोन टॉवेल, अर्धा किलो शेंगा चटणी, कडक भाकरीचं एक पाकीट. भाकरी बॅगेत सगळ्यात वर ठेवा, खाली गेली तर चुरा होतो. चटणी स्टीलच्या डब्यात घ्या, तेल पिशवीला लागतं.